ढगाचा माथा, पावसाचा आकडा

पावसाळ्यातील एका शनिवारी बोरीवलीच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय ठरला होता ऊर्जेच्या रूपांतराचा. पण तो त्या दिवशी बाजूलाच राहिला. एका बाईंनी आपला मोबाईल पुढे केला. पडद्यावर भारताचा नकाशा, त्यावर इन्सॅट उपग्रहाने घेतलेले ढगांचे चित्र आणि मुंबईच्या जागी लालभडक डाग. ‘‘सर, हे चित्र सकाळी सहापासून पालकांच्या गटात फिरतंय. निम्मी मुलं आलीच नाहीत. आणि बाहेर बघा.’’ बाहेर झिमझिम होती, छत्री न उघडता रस्ता ओलांडता येईल इतकीच. शेजारचे सर म्हणाले, ‘‘याच्या उलटही होतं. मागच्या आठवड्यात दहिसर नदी पुलाला टेकायला आली होती, तेव्हा या चित्रात आपल्याकडे नुसतं राखाडी दिसत होतं. मग आम्ही मुलांना सांगायचं काय? उपग्रह चुकतो म्हणून?’’

या प्रश्नाला मी तेथे दिलेले उत्तर घाईचे होते आणि अपुरेही. घरी आल्यावर त्या चित्रामागचे काम पुन्हा नीट पाहिले. म्हणजे अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रात हवामान उपग्रहांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या दहा-बारा वर्षांत काय काय केले, ते. हे काम मोठे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. तरी त्याविषयी माझ्या काही तक्रारी आहेत. त्या थेट शाळेच्या वर्गापर्यंत पोचतात, म्हणून शिक्षकांच्या मासिकातच मांडतो.

आधी जमेची बाजू. दूरदर्शनच्या बातम्यांनंतर दिसणारे ते कृष्णधवल ढगांचे चित्र ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना इन्सॅट-१ब हे नाव आठवेल. १९८३ मध्ये अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानातून तो अवकाशात नेला गेला. उपग्रह अमेरिकेत बांधलेला, त्यावरील उपकरणही तिकडचेच. १९९२ पासून इन्सॅट-२ मालिका आली आणि ढग टिपणारे उपकरण अहमदाबादलाच बनू लागले. २००२ मध्ये केवळ हवामानासाठी असा पहिला भारतीय उपग्रह सोडला गेला. पुढच्या वर्षी त्याला कल्पना चावला यांचे नाव देण्यात आले. ‘कल्पना-१’ अवरक्त किरणांत पाहू शके तो सर्वांत लहान ठिपका ८ कि.मी. लांब-रुंद होता. २६ जुलै २०१३ रोजी इन्सॅट-३डी गेला (ही तारीख मुंबईकराला वेगळ्याच कारणाने ठाऊक असते, त्याकडे येतोच), आणि हा ठिपका ४ कि.मी.चा झाला. दृश्य प्रकाशात तर १ कि.मी.चा. शिवाय पूर्वी तीनच पट्ट्यांत पाहणारे उपकरण आता सहा पट्ट्यांत पाहू लागले. त्यातील एका पट्ट्यामुळे रात्रीचे धुके आणि जमिनीलगतचे ढग ओळखता येऊ लागले. हे काम ‘कल्पना’ला जमत नव्हते. २०१६ मध्ये जोडीला इन्सॅट-३डीआर आला. दोघांच्या वेळा एकमेकांच्या मध्ये बसवल्या, त्यामुळे अर्ध्या तासाने मिळणारे चित्र पंधरा मिनिटांनी मिळू लागले. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-३डीएस गेला आणि मार्चमध्ये त्याच्याकडून चित्रे येऊ लागली. या उपग्रहांच्या मोजमापांचे भांडार ‘मॉसडॅक’ नावाने याच केंद्रात आहे, आणि नाव नोंदवले की त्यातून विनामूल्य माहिती घेता येते. माझ्या विद्यार्थिदशेत अशी माहिती हाती पडणे म्हणजे अर्ज, शिफारस आणि चुंबकीय फितीची वाट पाहणे असे. तेव्हा हा बदल लहान नाही.

आता त्या लाल डागाकडे वळू.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर आहे. रात्रंदिवस मिळणारे जे चित्र आपण पाहतो ते अवरक्त किरणांचे असते. तापलेली इस्त्री लाल दिसत नसली तरी हाताला दुरून तिची ऊब कळते, ती याच किरणांमुळे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे असे किरण बाहेर टाकते. ते मोजले की तापमान कळते. दाट ढग हा या किरणांना जवळजवळ अपारदर्शक असतो. म्हणून वरून पाहणाऱ्या उपग्रहाला कळते ते केवळ ढगाच्या माथ्याचे तापमान. माथ्याखाली काय चालले आहे, थेंब आहेत की नाहीत, असले तर ते जमिनीपर्यंत पोचतात का, यांतील काहीही या चित्रात मोजलेले नसते.

मग पावसाचा आकडा येतो कुठून? अनुमानातून. ढग जितका उंच वाढलेला तितका त्याचा माथा थंड, आणि उंच वाढलेला ढग बहुधा जास्त पाऊस देतो, असे हे अनुमान आहे. याची सर्वांत साधी रीत अमेरिकेच्या फिलिप आर्किन यांनी सुचवली. १९७४ मध्ये अटलांटिक महासागराच्या उष्ण कटिबंधात एक मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली होती. तिच्यातील मोजमापांवरून त्यांनी असा नियम बसवला, की ज्या भागात ढगाचा माथा २३५ केल्व्हिनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल, तेथे ताशी ३ मि.मी. पाऊस धरावा; बाकी ठिकाणी शून्य. इतकेच! आर्किन, राव आणि पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झालेले डॉ. रंजन केळकर यांनी इन्सॅट-१बच्या मोजमापांवरून १९८६ च्या मोसमी पावसाचा अभ्यास करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, तोही याच वाटेने. अडीच अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत, म्हणजे साधारण पावणेतीनशे कि.मी. लांबी-रुंदीच्या प्रदेशात, बऱ्याच दिवसांची सरासरी काढायची असेल तर ही रीत आश्चर्य वाटावे इतके चांगले काम देते.

नववी-दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. समुद्रसपाटीला तापमान २८ अंश धरा आणि दर किलोमीटर उंचीला ते साधारण ६.५ अंशांनी घटते असे माना. उणे ३८ व्हायला किती उंच जावे लागेल? ६६ भागिले ६.५, म्हणजे जवळपास १० कि.मी. आता सह्याद्रीवरचा किंवा कोकणातला मोसमी ढग घ्या. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगराला अडून वर चढतात, त्यांतून जे ढग होतात त्यांतील कित्येकांचे माथे ४-५ कि.मी.च्या पुढे जातच नाहीत. ४ कि.मी.वर तापमान २ अंश, म्हणजे शून्याच्याही वर. अशा ढगात हिमकण नसतात. थेंबावर थेंब आदळून मोठे होतात आणि कोसळतात. आंबोलीला किंवा महाबळेश्वरला दिवसेंदिवस ओततो त्या पावसात या ढगांचा वाटा मोठा असतो. अवरक्त चित्रात हे ढग फिकट राखाडी दिसतात आणि नियमाप्रमाणे त्यांचा पाऊस भरतो शून्य. राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरांवर असाच पाऊस लागला, तर तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी फुगलेली आणि चित्र मात्र राखाडी, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

बाईंच्या लाल डागाचे कारण उलट टोकाला आहे. समुद्रावर एखादा गडगडाटी ढग १४-१५ कि.मी. उंच गेला की त्याला वर जायला वाव उरत नाही. मग त्याचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो. वारा ही ऐरण शंभर-शंभर कि.मी. ओढत नेतो. ती अतिशय थंड असते, म्हणून चित्रात सर्वांत भडक दिसते. पण तिच्याखाली पाऊस असतोच असे नाही.

अहमदाबादच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. त्यांची पुढची रीत अवरक्त आणि जलबाष्प अशा दोन पट्ट्यांतून पाहते आणि तिचे आकडे पाऊस मोजणाऱ्या परदेशी उपग्रह-रडारशी ताडून बसवलेले आहेत. दुसरी एक रीत, हायड्रो-एस्टिमेटर, मूळ अमेरिकेतील. ती हवेतील ओलावा, वारा आणि डोंगराचा चढही हिशेबात घेते. म्हणजे प्रयत्न प्रामाणिक आहे. परंतु प्रत्येक रीतीच्या मुळाशी माथ्याचे तापमानच आहे, आणि कोकण-घाटाच्या पावसाला ती कमी लेखते, हे त्यांच्याच क्षेत्रातील लोकांनी पुनःपुन्हा दाखवले आहे. माझी पहिली तक्रार इथे सुरू होते. चुकीचा हा अंदाज संशोधनपत्रिकांत असतो, इंग्रजीत, आलेखांसह. लोकांपर्यंत पोचते ते रंगीत चित्र. त्यावर उपग्रहाचे नाव, पट्ट्याचे संक्षिप्त नाव, वेळ आणि रंगांची पट्टी असते. ‘हे ढगाच्या माथ्याचे तापमान आहे, पाऊस नव्हे’ असे एक वाक्य त्यावर मराठीत किंवा हिंदीत छापायला किती जागा लागते?

त्यात रंगांचा एक निराळाच घोटाळा आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांना चार रंग आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. यातला लाल म्हणजे ‘आता कृती करा’. तो रंग अनेक साधनांचा विचार करून माणसांनी ठरवलेला असतो. उपग्रहाच्या काही चित्रांतही सर्वांत थंड माथ्याला लाल रंग देतात, कारण डोळ्याला तो चटकन दिसतो. दोन लाल रंग, दोन वेगळे अर्थ, आणि दोन्ही एकाच मोबाईलवर. पालकांनी घोटाळा केला तर दोष त्यांना कसा द्यायचा? दोन-तीनदा असा लाल डाग येऊन झिमझिमच झाली की पुढच्या खऱ्या लाल इशाऱ्याकडेही लोक पाठ फिरवतात. नदीकाठच्या वस्तीतून शाळेत येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा धोका खरा आहे.

जागेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. उपग्रह विषुववृत्तावर आहे, आपण १९ अंश उत्तरेला. म्हणजे तो आपल्याकडे सरळ डोक्यावरून पाहत नाही, दक्षिणेकडून तिरके पाहतो. डोक्यावरच्या बिंदूपासून साधारण २२ अंश कलून. उंच ढगाचा माथा त्याला जिथे दिसतो ती जमिनीवरची जागा ढगाच्या खऱ्या जागेच्या उत्तरेला सरकलेली असते. किती? १५ कि.मी. उंची गुणिले २२ अंशांचा स्पर्शक, म्हणजे ०.४, उत्तर ६ कि.मी. गोरेगावच्या डोक्यावरचा ढग चित्रात बोरीवलीच्या वेशीवर! दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीचा उपयोग विचारायची सवय असते, त्यांना हे उदाहरण जरूर द्या. ही दुरुस्ती केलेली आहे की नाही, हेही प्रत्येक चित्रावर लिहिलेले असावे. देशाच्या नकाशात ६ कि.मी. दिसतही नाहीत. पण लोक आता तोच नकाशा बोटांनी ताणून आपली गल्ली शोधतात.

२६ जुलै २००५ च्या दिवशी या सगळ्या मर्यादा एकत्र आल्या. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच काळात ७३ मि.मी. दोहोंत अंतर जेमतेम २५ कि.मी. ‘कल्पना-१’च्या ८ कि.मी.च्या ठिपक्यांत मोजले तर तीन ठिपके. त्या ढगाचे माथे १५ कि.मी.पर्यंत गेले होते, म्हणजे चित्रात तो थंड आणि ठळक होताच. परंतु ताशी ३ मि.मी.चा नियम लावा: चोवीस तास सतत थंड माथा राहिला तरी पाऊस भरतो जास्तीत जास्त ७२ मि.मी. गंमत अशी, की कुलाब्याला हा आकडा जवळपास तंतोतंत जुळतो, पण निव्वळ योगायोगाने. सांताक्रूझला मात्र तो तेरा पटींनी चुकतो. हा नियम एका गावासाठी, एका दिवसासाठी केलेलाच नव्हता, त्यामुळे दोष नियमाचा नाही. तरीही मोठ्या प्रदेशाच्या सरासरीसाठी बनवलेली वस्तू गल्लीच्या प्रश्नाला वापरली की काय होते, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. मुंबईत त्या वेळी डॉप्लर रडार नव्हते. ते कुलाब्याला नंतर आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावली येथे दुसरे. रडारच्या लहरी ढगाच्या आतल्या थेंबांवरून परत येतात. मुंबईच्या पावसासाठी, माझ्या मते, ही दोन रडारे आणि चितळे समितीच्या अहवालानंतर शहरभर वाढलेले स्वयंचलित पर्जन्यमापक यांचे मोल उपग्रहापेक्षा अधिक आहे. उपग्रहाचे खरे काम समुद्रावर आहे, जिथे ना रडार पोचते ना मापक. चक्रीवादळ अजून शेकडो कि.मी. दूर असताना त्याचा डोळा कुठे आहे हे सांगणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही.

दुसरी तक्रार साउंडरबद्दल. इन्सॅट-३डीपासून प्रत्येक उपग्रहावर इमेजरच्या जोडीला १९ पट्ट्यांत पाहणारे हे उपकरण आहे. जमिनीपासून वरपर्यंत हवेचे तापमान आणि ओलावा थराथराने सांगणे हे त्याचे काम. उड्डाणाच्या वेळी याचा फार गौरव होतो आणि तो योग्यही आहे. पण हेही उपकरण अवरक्तच. दाट ढग आला की त्याच्याखालचे त्याला दिसत नाही. म्हणजे एप्रिल-मेच्या निरभ्र आकाशात ते उत्तम काम करते, आणि जुलैत कोकण ढगाखाली असताना, नेमके जेव्हा आपल्याला ओलाव्याचे थर हवे असतात, तेव्हा आंधळे होते. ढगांतून आरपार पाहायचे तर सूक्ष्मलहरी हव्यात. हे जाणूनच भारत आणि फ्रान्स यांनी मिळून ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडला. तो जमिनीपासून ८६७ कि.मी.वर, विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करून फिरत होता, त्यामुळे उष्ण कटिबंधावरून दिवसातून अनेकदा जाई. त्यावरचे पाऊस मोजणारे मुख्य उपकरण ‘मद्रास’ मात्र जानेवारी २०१३ मध्ये बंद पडले. जलबाष्प मोजणारे दुसरे उपकरण पुढे बरीच वर्षे उपयोगी पडले, आणि ७ मार्च २०२३ रोजी उपग्रह नियंत्रितपणे खाली आणून पॅसिफिकवर वातावरणात जाळण्यात आला. उपकरण बंद पडणे हा अपघात. त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही. परंतु त्यानंतरच्या दशकात भूस्थिर कक्षेत एकामागून एक सारख्याच बनावटीचे तीन उपग्रह पाठवले गेले, आणि पाऊस थेट जाणणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या बाबतीत आपण २०१४ मध्ये सुटलेल्या अमेरिका-जपानच्या उपग्रहावर आणि इतरांच्या मोजमापांवर विसंबून राहिलो. सातत्याला महत्त्व आहे, हवामान खात्याला रोज चित्र लागते, हे मान्य. तरी प्राधान्याचा हा क्रम मला पटलेला नाही.

हे सारे पाहताना मला पुनःपुन्हा कुलाबा आठवतो. उपग्रहाची चित्रे प्रथम जिथे अभ्यासली गेली त्यांतील भारतातील एक जागा मुंबईत होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. १९६३ मध्ये हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी कुलाब्याला एक हवामान केंद्र उभे राहिले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज आणि आपले पी. आर. पिशारोटी ही त्यातील प्रमुख नावे. १९६३ च्या डिसेंबरात ‘टायरॉस-८’ उपग्रह गेला. तो ज्या प्रदेशावरून जात असेल तेथील स्थानकाला थेट चित्र पाठवू शकत असे, आणि ती चित्रे घेणारे यंत्र कुलाब्याला बसले होते. चित्रे अंधुक, आजच्या मानाने ओबडधोबड. पण त्या लोकांनी चित्रावर कधी एकट्याने विश्वास टाकला नाही. जहाजांच्या नोंदी, फुग्यांनी वर पाठवलेली उपकरणे, अरबी समुद्रावर फिरणारी संशोधन विमाने, हे सगळे एकाच टेबलावर असे. जुलै १९६३ मध्ये मुंबईजवळ जोराचा पाऊस देणारी एक प्रणाली याच पद्धतीने उलगडली गेली. जमिनीवरच्या वायुदाबाच्या नकाशात तिचा फारसा मागमूस नव्हता. ३ ते ६ कि.मी. उंचीवर मात्र वारे चक्राकार फिरत होते. मिलर आणि केशवमूर्ती यांनी १९६८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि मध्य-वातावरणातील चक्रावात ही संज्ञा मुंबईच्या पावसाला कायमची चिकटली.

म्हणून अहमदाबादच्या मंडळींकडे माझी मागणी साधी आहे. त्यांच्या केंद्रात संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थेचा उपग्रह-हवामानशास्त्राचा अभ्यासक्रम १९९८ पासून चालतो, त्यात आशियातील अनेक देशांचे लोक शिकून जातात. तितकी शिकवण्याची हातोटी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी शाळेसाठी दोन पाने लिहावीत: रोजच्या पाऊस-अंदाजाशेजारी त्याच ठिकाणच्या पर्जन्यमापकाचा आकडा, आणि दोहोंतला फरक. सांताक्रूझ आणि कुलाबा एवढी दोनच ठिकाणे घेतली तरी चालेल. फरक झाकून ठेवण्यासारखा नाही, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्यातच आहे.

तोवर आपण हातावर हात धरून बसायचे कारण नाही. त्या शनिवारी उठण्यापूर्वी आम्ही शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवायचे ठरवले. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यावी, निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवावा, बाहेरून मि.मी.ची पट्टी चिकटवावी. जागा उघडी हवी. टाकीच्या किंवा झाडाच्या आडोशाला नको. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, कारण वेधशाळाही तेव्हाच घेते आणि आपला आकडा तिच्याशी ताडता येतो. वहीत चार रकाने: तारीख, आपला पाऊस, आदल्या दिवसाच्या उपग्रह-चित्रात बोरीवलीवर दिसलेला रंग, आणि आकाशाचे मुलांनी स्वतःच्या शब्दांत केलेले वर्णन. रविवारची नोंद सोमवारी दोन दिवसांची मिळून घ्यावी लागेल, ती तशीच लिहावी, निम्मी-निम्मी वाटू नये. आणि एक छोटी खबरदारी. बाटलीचा तळ सपाट नसतो, त्यामुळे पट्टीचा शून्य तळाशी धरला तर पहिले काही मि.मी. हमखास चुकतात. तळाचा खोलगट भाग बुडेल इतके पाणी आधी घालून घ्यावे आणि शून्याची खूण त्या पाण्याच्या पातळीवर करावी. रोज नोंद झाल्यावर बाटली त्या खुणेपर्यंतच रिकामी करायची.